हरितगृह वायू, न्यायालये आणि सरकारी नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्यावरण कायद्याविषयी लिहू लागल्यापासून वाचकांची जी पत्रे येतात, त्यांतले बहुतेक प्रश्न पुन्हा पुन्हा तेच असतात. ते कारखान्यातील पर्यावरण अधिकारी, विधी शाखेचे विद्यार्थी, ग्रामपंचायत सदस्य आणि निर्यातदार विचारतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एक मुद्दा दुसऱ्याला जोडलेला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. हक्काची घोषणा न्यायालय करते, पण धुराड्यातून किती टन वायू बाहेर पडू द्यायचा हा आकडा अधिसूचनेतून येतो. पत्रांतून दिसणारे बहुतेक गैरसमज या दोहोंतल्या अंतरामुळे झालेले असतात.

१. हरितगृह वायू म्हणजे नेमके कोणते वायू?

पृथ्वीने बाहेर टाकलेली उष्णता शोषून वातावरणात अडकवून ठेवणारे ते हरितगृह वायू. आंतरराष्ट्रीय हिशेबात कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड, सल्फर हेक्झाफ्लोराइड, नायट्रोजन ट्रायफ्लोराइड आणि हायड्रोफ्लुरोकार्बन व परफ्लुरोकार्बन हे दोन वायुसमूह धरले जातात. प्रत्येकाची तापवण्याची क्षमता वेगळी असल्यामुळे सर्वांची बेरीज ‘कार्बन डायऑक्साइड समतुल्य टन’ या एकाच मापात करतात. भारताने संयुक्त राष्ट्रांना २०२४ च्या अखेरीस दिलेल्या अहवालानुसार २०२० मध्ये देशाचे एकूण उत्सर्जन, जंगले व जमिनीने शोषलेला वाटा वजा न करता, सुमारे २९६ कोटी टन होते आणि त्यातील तीन चतुर्थांशांहून अधिक वाटा ऊर्जाक्षेत्राचा होता.

२. कार्बन डायऑक्साइड हा भारतीय कायद्यानुसार ‘प्रदूषक’ आहे का?

व्याख्या पाहिली तर तो प्रदूषक ठरू शकतो. व्यवहारात मात्र त्याला तसे वागवले जात नाही. हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा, १९८१ मधील व्याख्या प्रशस्त आहे. माणसांना, इतर सजीवांना, वनस्पतींना, मालमत्तेला किंवा पर्यावरणाला अपायकारक ठरेल अशा प्रमाणात वातावरणात असलेला कोणताही घन, द्रव किंवा वायुरूप पदार्थ तीत बसतो. वातावरण तापवणारा वायू पर्यावरणाला अपायकारक आहे, हे मान्य करायला आज कोणाची हरकत असणार नाही.

तरीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये हवेच्या गुणवत्तेची जी राष्ट्रीय मानके अधिसूचित केली, त्यांतील बारा घटकांत सल्फर डायऑक्साइड, सूक्ष्म धूलिकण, ओझोन, शिसे, बेंझिन, अगदी निकेलही आहे; कार्बन डायऑक्साइड नाही. ही यादी श्वासातून थेट शरीराला होणाऱ्या अपायाचा विचार करून बनवलेली आहे. व्याख्येत बसणारा पदार्थ मानकांच्या यादीत आला नाही, तर मंडळाच्या अधिकाऱ्याला मोजायला काही उरत नाही.

३. अमेरिकेत न्यायालयाने तो प्रदूषक ठरवला, असे वाचले होते. ते प्रकरण काय होते?

मॅसॅच्युसेट्स विरुद्ध पर्यावरण संरक्षण संस्था हे ते प्रकरण. २ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने ठरवले की तेथील स्वच्छ हवा कायद्यातील ‘हवा प्रदूषक’ या व्याख्येत हरितगृह वायू येतात. त्यामुळे हे वायू जनतेच्या आरोग्याला व कल्याणाला धोकादायक आहेत की नाहीत, हा प्रश्न सरकारी संस्थेला टाळता येईना. डिसेंबर २००९ मध्ये तिने ते धोकादायक असल्याचा निष्कर्ष नोंदवला. मोटारी आणि वीज केंद्रांवरील पुढचे सगळे नियम त्याच निष्कर्षावर उभे राहिले.

पुढचा इतिहास मात्र सरळ नाही. वीजक्षेत्राला कोळशाकडून इतर स्रोतांकडे वळवू पाहणारी २०१५ ची योजना न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये स्थगित केली. ३० जून २०२२ रोजी वेस्ट व्हर्जिनिया प्रकरणात सहा विरुद्ध तीन मतांनी असे ठरले की एवढा मोठा आर्थिक बदल घडवून आणण्याचा अधिकार संसदेने स्पष्ट शब्दांत दिलेला असला पाहिजे, तो जुन्या कायद्याच्या मोघम तरतुदीतून काढता येणार नाही. फेब्रुवारी २०२६ मध्ये तर त्या संस्थेने २००९ चा निष्कर्षच मागे घेतला आणि त्यावरून पुन्हा खटले उभे राहिले. भारतासाठी यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की न्यायालयाने व्याख्येचा दरवाजा उघडला तरी संसदेने स्वतंत्र कायदा केला नाही, तर प्रत्येक सरकारबरोबर नियम बदलत राहतात.

४. मग भारतात उत्सर्जनावर नियंत्रण ठेवणारा कायदा कोणता?

हवामानबदलासाठी एकच सर्वसमावेशक कायदा भारतात नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ च्या निकालात या उणिवेची नोंद घेतली आहे (प्रश्न ६). आज जे नियमन आहे ते तीन धाग्यांनी बांधलेले आहे. पहिला धागा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ चा. या कायद्याने केंद्राला नियम करण्याचे फार व्यापक अधिकार दिले आहेत. दुसरा ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ चा. त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन केंद्राला कार्बन श्रेय व्यापार योजना आखण्याचा अधिकार मिळाला. लक्ष्यापेक्षा कमी वायू सोडणाऱ्याला प्रमाणपत्रे मिळतात आणि जास्त सोडणाऱ्याला ती विकत घ्यावी लागतात, अशी ही योजना आहे. तिसरा धागा पॅरिस करारातील वचनांचा. २०२२ मध्ये भारताने जाहीर केले की २००५ च्या तुलनेत सकल देशांतर्गत उत्पादनाची उत्सर्जन तीव्रता (प्रश्न ९) २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी केली जाईल आणि वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेतील ५० टक्के वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा असेल. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन त्याआधी, २०२१ च्या ग्लासगो परिषदेत दिले होते. ही वचने आंतरराष्ट्रीय आहेत. संविधानाच्या अनुच्छेद २५३ नुसार संसद त्यांचा कायदा करू शकते. तो केलेला नाही.

५. आमच्या कारखान्याच्या संमतीपत्रात कार्बन डायऑक्साइडचा उल्लेखच नाही. म्हणजे आम्हाला कोणतीच मर्यादा नाही का?

एका कारखान्याच्या पर्यावरण अधिकाऱ्याने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र, ज्याला सगळे ‘कन्सेंट’ म्हणतात, माझ्यासमोर ठेवून हाच प्रश्न विचारला होता. त्या कागदावर धुराड्याचा क्रमांक, त्याची उंची, इंधनाचा प्रकार, दररोज जाळायचे प्रमाण, धूलिकण आणि सल्फर डायऑक्साइडची मर्यादा असे सगळे रकाने होते. दररोज किती टन कोळसा जळणार हे तेथे लिहिलेले होते, म्हणजे कार्बनचा हिशेब त्या कागदातच दडलेला होता. पण त्याच्यासाठी रकाना नव्हता.

म्हणून उत्तर असे: संमतीपत्रातून सहसा मर्यादा येत नाही. ती आली तर दोन वाटांनी येते. कारखाना तीव्रतेच्या नियमांतील यादीत असेल (प्रश्न १०), किंवा पर्यावरण मंजुरी देताना त्याविषयीची विशिष्ट अट घातलेली असेल (प्रश्न ८). यादीत नसलेल्या आणि अशी अट नसलेल्या कारखान्यावर आज कार्बन डायऑक्साइडची संख्यात्मक मर्यादा नाही.

६. माळढोक पक्ष्याच्या खटल्यात हवामानबदलाचा हक्क कसा आला?

एम. के. रणजितसिंह विरुद्ध भारत सरकार हा खटला मुळात राजस्थान व गुजरातमधील माळढोक वाचवण्यासाठी होता. हा जड शरीराचा पक्षी समोरचे बारीक अडथळे चटकन पाहू शकत नाही आणि उडताना विजेच्या उघड्या तारांवर आदळून मरतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या गवताळ माळावर एकेकाळी तो सहज दिसे. आपल्याकडच्या पक्षिमित्रांना हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर क्षेत्रातील वाहिन्यांवर बंधने घालून शक्य तेथे त्या भूमिगत करण्याचा आदेश दिला. केंद्र सरकार पुन्हा न्यायालयात गेले: हा प्रदेश सौर व पवन ऊर्जेचा आहे, उच्च दाबाच्या एवढ्या वाहिन्या जमिनीखाली नेणे व्यवहार्य नाही आणि बिगर-जीवाश्म ऊर्जेकडे वळण्याचे वचन त्यामुळे पाळता येणार नाही, अशी त्याची बाजू होती.

२१ मार्च २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जुना आदेश सैल केला, प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला आणि निकालात म्हटले की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ व २१ मधून निघतो. अनुच्छेद २१ जगण्याच्या हक्कासाठी आणि अनुच्छेद १४ समतेसाठी, कारण दुष्काळ, पूर आणि उष्म्याचा मार सगळ्यांना सारखा बसत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला आणि उन्हात राबणाऱ्या मजुराला तो आधी बसतो.

हा हक्क मला मोलाचा वाटतो. पण तो जन्मला कसा हे विसरू नये. सरकारने उत्सर्जन कमी करावे म्हणून कोणी मागणी केलेल्या खटल्यात तो आलेला नाही. सरकारलाच आपल्या ऊर्जाप्रकल्पांसाठी मोकळीक हवी होती, तेथे तो आला. निकालात उत्सर्जनाची कोणतीही मर्यादा सरकारवर घातलेली नाही.

७. हा हक्क आहे, तर उत्सर्जन कमी करा असा खटला सरकारवर भरता येईल का?

भरता येतो, आणि तो भरलाही गेला आहे. उत्तराखंडच्या रिद्धिमा पांडे हिने २०१७ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपण ज्याला हरित लवाद म्हणतो त्याच्याकडे, अर्ज केला. देशासाठी कार्बनचा एकूण कोटा ठरवावा आणि प्रत्येक प्रकल्पाच्या मंजुरीत हवामानावरील परिणाम तपासावा, असे तिचे म्हणणे होते. जानेवारी २०१९ मध्ये लवादाने अर्ज निकाली काढला. पॅरिस कराराचे सरकारच्या धोरणात प्रतिबिंब पडत नाही असे मानण्याचे कारण नाही आणि पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनात हवामानाचा विचार येतोच, असे त्याचे कारण होते. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

लवादाचे ते कारण मला पटलेले नाही. मूल्यांकनाचे अहवाल ज्यांनी वाचले आहेत त्यांना ठाऊक आहे की हवामानावरचे प्रकरण अनेकदा झाडे लावण्याच्या आश्वासनापुरते असते. २०१९ चा तो निर्णय आणि २०२४ चा हक्क यांचा मेळ घालण्याचे काम बाकी आहे.

८. एखाद्या प्रकल्पाच्या मंजुरीत न्यायालयाने कार्बनचा विचार केला आहे का?

गोव्यातील मोपा विमानतळाचे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. मंजुरीच्या अर्जात जंगल आणि संवेदनशील क्षेत्रांविषयीची माहिती दिलेली नव्हती म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी पर्यावरण मंजुरी स्थगित ठेवून फेरविचाराचा आदेश दिला. जानेवारी २०२० मध्ये वाढीव अटींसह ती पुन्हा लागू झाली. त्या वेळी बांधकाम व वापर या दोन्ही टप्प्यांत शून्य कार्बन कार्यक्रम राबवण्याची हमी नोंदवून घेण्यात आली आणि अटींच्या पालनावर देखरेखीसाठी नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेची नेमणूक झाली. हमी एकदा न्यायालयाच्या नोंदीत आली की ती मोडणे प्रवर्तकाला सोपे राहत नाही, हे या प्रकरणाचे महत्त्व आहे.

९. ‘उत्सर्जन तीव्रता’ म्हणजे काय? एकूण उत्सर्जन आणि ती यांत फरक कसा?

सगळ्या प्रश्नांत हा कळीचा आहे, म्हणून जरा थांबून पाहू. तीव्रता म्हणजे एक टन माल बनवताना किती टन वायू बाहेर पडला, हा भागाकार. एकूण उत्सर्जन म्हणजे वर्षभरात बाहेर पडलेला सगळा वायू.

समजण्यासाठी एक काल्पनिक सिमेंट कारखाना घेऊ. वर्षाचे उत्पादन १० लाख टन, लक्ष्य टनामागे ०.६० टन आणि प्रत्यक्ष तीव्रता ०.६२ टन. लक्ष्यापेक्षा टनामागे ०.०२ टन जास्त, म्हणजे वर्षाला २०,००० टनांची तूट. टनाला एक या हिशेबाने तेवढी प्रमाणपत्रे (प्रश्न १०) कारखान्याला बाजारातून विकत घ्यावी लागतील. पुढे कारखान्याने भट्टी सुधारून तीव्रता ०.५९ वर आणली आणि मागणी वाढल्याने उत्पादन १३ लाख टनांवर नेले. लक्ष्य तेच धरले तर तो आता टनामागे ०.०१ टन वाचवतो आणि त्याला १३,००० प्रमाणपत्रे विकायला मिळतात. पण त्याचे एकूण उत्सर्जन ६ लाख २० हजार टनांवरून ७ लाख ६७ हजार टनांवर गेले आहे. नियम पाळला गेला, कारखान्याला बक्षीसही मिळाले आणि वातावरणात दीड लाख टनांच्या आसपास वायू जास्त गेला.

यात कोणी लबाडी केलेली नाही. वाढत्या अर्थव्यवस्थेने उत्पादन न रोखता कार्यक्षमता वाढवावी, हा हेतू ठेवूनच तीव्रतेचे माप निवडले जाते आणि दरडोई उत्सर्जन कमी असलेल्या देशाने ते निवडण्यात न्याय आहे. २००५ ते २०२० या काळात देशाची तीव्रता ३६ टक्क्यांनी कमी झाली, हीसुद्धा खरी कमाई आहे. एवढेच की ‘उत्सर्जन ४५ टक्के कमी होणार’ असे जे मथळे छापले जातात ते चुकीचे आहेत. कमी होणार आहे ती तीव्रता.

१०. तीव्रतेची लक्ष्ये कोणत्या उद्योगांना लागू आहेत?

कार्बन श्रेय व्यापार योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली. तिच्या आधारे पर्यावरण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तीव्रतेच्या लक्ष्यांचे नियम काढले आणि पहिल्या यादीत ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद-लगदा या चार क्षेत्रांतील २८२ कारखाने घातले. त्यांतले १८६ सिमेंटचे आहेत. आधारवर्ष २०२३-२४ आणि लक्ष्ये २०२५-२६ व २०२६-२७ या वर्षांची आहेत. त्यानंतर तेलशुद्धीकरण, पेट्रोरसायने, वस्त्रोद्योग आणि दुय्यम ॲल्युमिनियम यांची भर पडली. प्रत्येक कारखान्याचे लक्ष्य वेगळे असते. त्यामुळे शेजारच्या कारखान्याचा आकडा आपल्याला लागू होईल असे समजू नये, अधिसूचनेच्या परिशिष्टात आपल्या कारखान्याची ओळ शोधावी.

योजनेचे प्रशासन ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोकडे, प्रमाणपत्रांची नोंदवही ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडियाकडे आणि व्यापारावरचे नियमन केंद्रीय वीज नियामक आयोगाकडे आहे. एक प्रमाणपत्र म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड समतुल्य.

११. सिमेंट कारखान्याने कोळसा पूर्ण बंद केला तर उत्सर्जन शून्य होईल का?

होणार नाही. चुनखडी भाजली की तिच्यातूनच वायू निघतो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भट्टीत घातली तर छप्पन्न किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून जातो. भट्टी सौरविजेवर तापवली तरी हे गणित बदलत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना-गडचांदूरच्या पट्ट्यात भट्ट्यांकडे जाणारे चुनखडीचे ट्रक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी प्रत्येक ट्रकमधील जवळपास निम्मा माल हवेत जाणार आहे असे समजावे. म्हणून या उद्योगात खरी बचत क्लिंकरचे, म्हणजे चुनखडी भाजून तयार होणाऱ्या आणि दळून सिमेंट बनवल्या जाणाऱ्या गोळ्यांचे, प्रमाण घटवून होते: क्लिंकर कमी, त्याच्या जागी वीज केंद्राची राख किंवा लोखंडाच्या झोतभट्टीची मळी. हिशेबात इंधनाचे आणि प्रक्रियेचे असे दोन्ही उत्सर्जन धरावे लागते.

१२. लक्ष्य गाठले नाही आणि प्रमाणपत्रेही घेतली नाहीत तर काय होते?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ पर्यावरणीय भरपाई आकारते. तुटीतील प्रत्येक प्रमाणपत्रामागे त्या वर्षीच्या सरासरी बाजारभावाच्या दुप्पट रक्कम द्यावी लागते आणि ती ९० दिवसांत भरायची असते. प्रश्न ९ मधील कारखान्याला २०,००० प्रमाणपत्रांच्या दुप्पट किमतीचा भुर्दंड बसला असता. बाजारभाव मुळात फार खाली राहिला तर दुप्पट रक्कमही किरकोळ ठरते, हा या रचनेतला कच्चा दुवा आहे. त्यामुळे लक्ष्ये कडक आहेत की सैल, यावरच दंडाचा धाक अवलंबून राहतो.

१३. सर्वांत जास्त धूर वीज केंद्रांचा. ती यादीत का नाहीत?

कोळशावरील वीज केंद्रांना या नियमांत तीव्रतेचे लक्ष्य दिलेले नाही. डिसेंबर २०१५ ची जी मानके त्यांना आहेत ती धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड, पारा आणि पाणीवापर यांची आहेत; कार्बन डायऑक्साइडचे मानक त्यांत नाही. २,९२० मेगावॉटच्या चंद्रपूर केंद्रालाही हेच लागू होते. सल्फरच्या मानकांची मुदत अनेकदा वाढली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधक काढण्याच्या यंत्रणेतून सूट मिळाली. ही सूट सल्फरपुरती होती. तिचा कार्बनच्या नियमांशी संबंध नाही, हे अनेक पत्रांतून गोंधळलेले दिसले म्हणून लिहितो. वीजक्षेत्र बाहेर ठेवून उद्योगांवर लक्ष्ये घालणे हा आजच्या नियमनातला सर्वांत मोठा खड्डा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१४. साखर कारखाना बगॅस जाळून वीज बनवतो. ते उत्सर्जन मोजतात का?

साखर उद्योग सध्याच्या यादीत नाही. हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत जैवभारातून निघालेला कार्बन डायऑक्साइड ऊर्जाक्षेत्राच्या बेरजेत धरत नाहीत, कारण उसाने तो त्याच हंगामात हवेतूनच घेतलेला असतो. मिथेन व नायट्रस ऑक्साइडला मात्र ही सवलत नाही. बगॅससोबत कोळसा जाळला तर कोळशाचा वाटा पूर्ण मोजला जातो. धुरातील काजळी आणि राखेची तक्रार हा वेगळा विषय असून तिला हवा कायद्याची मानके लागू होतात.

१५. गाडीचे पीयूसी प्रमाणपत्र कार्बन डायऑक्साइडची तपासणी करते ना?

नाही. पीयूसी केंद्रावर पेट्रोलच्या गाडीसाठी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांची, डिझेलच्या गाडीसाठी धुराच्या दाटपणाची मर्यादा तपासतात. एप्रिल २०२० पासूनचे बीएस-६ मानकही याच जातीचे आहे. कार्बन डायऑक्साइडवर बंधन येते ते कंपनीवर: तिने वर्षभरात विकलेल्या मोटारींची सरासरी २०१७-१८ पासून किलोमीटरला १३० ग्रॅम आणि २०२२-२३ पासून ११३ ग्रॅमपर्यंत ठेवायची. हे नियम ऊर्जा संवर्धन कायद्याखालचे आहेत. म्हणून एखादी जड मोटार एकटी जास्त वायू सोडत असली तरी बेकायदा ठरत नाही.

१६. भारतात कार्बन कर आहे का?

त्या नावाचा नाही. २०१० पासून कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर होता, तो २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर गेला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या भरपाई उपकरात विलीन झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकर काढून कोळशावरील कराचा दर ५ वरून १८ टक्के करण्यात आला. टनावरचा ठरावीक उपकर जाऊन किमतीवरचा कर आला, म्हणजे जास्त राखेचा स्वस्त कोळसा आता तुलनेने कमी कर भरतो. हवामानाच्या दृष्टीने ही दिशा उलटी आहे.

१७. नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंडचे निकाल भारतात बंधनकारक आहेत का?

बंधनकारक नाहीत, वकील ते युक्तिवादाला बळ म्हणून वापरू शकतात. उर्गेंडा प्रकरणात डच सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०१९ रोजी १९९० च्या तुलनेत २०२० अखेर किमान २५ टक्के घट करण्याचा आदेश कायम केला. तो एकूण उत्सर्जनाचा होता, तीव्रतेचा नव्हता. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले की आजच्या पिढीने मोकळेपणी कार्बन खर्च केला तर उद्याच्या पिढीच्या स्वातंत्र्यावर बोजा पडेल आणि त्यानंतर तेथे कार्बन तटस्थतेचे वर्ष २०४५ झाले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ९ एप्रिल २०२४ रोजी ज्येष्ठ स्विस महिलांच्या संघटनेच्या बाजूने निकाल दिला, पण त्यांतील व्यक्तिगत अर्जदारांना दाद नाकारली.

खाजगी कंपनीवर टक्केवारी लादणे मात्र टिकले नाही. शेल या तेल कंपनीने २०३० पर्यंत ४५ टक्के घट करावी हा २०२१ चा आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये हेगच्या अपील न्यायालयाने रद्द केला. कंपनीवर काळजी घेण्याचे कर्तव्य आहे, पण एका कंपनीसाठी नेमका आकडा न्यायालय ठरवू शकत नाही, असे त्याने म्हटले. हक्क आणि आकडा यांमधले अंतर तेथेही आहेच.

शेजारचे लाहोरचे उदाहरण आपल्याकडे कमी सांगितले जाते. २०१५ मध्ये एका शेतकऱ्याच्या याचिकेवर तेथील उच्च न्यायालयाने नवा आकडा ठरवण्याच्या फंदात न पडता सरकारचेच हवामान धोरण अमलात आणण्यासाठी आयोग नेमला. आपल्या न्यायालयांना झेपेल आणि शोभेल अशी वाट मला ती वाटते.

१८. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०२५ मध्ये दिलेले मत भारताला बांधते का?

२३ जुलै २०२५ चे ते मत सल्लागारी स्वरूपाचे आहे, म्हणून निकालासारखे बांधत नाही. पण त्यात ज्या कायद्याचा अर्थ लावला आहे तो कायदा भारताला बांधतो. वानुआतु या छोट्या बेटदेशाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने प्रश्न पाठवला होता. न्यायालयाने एकमताने सांगितले की हवामान करारांपलीकडे रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यानुसारही राज्यांवर हानी टाळण्याचे कर्तव्य आहे आणि ते मोडल्यास जबाबदारी येऊ शकते. जबाबदारी हवामान करारांच्या चौकटीतच पाहावी, अशी भारताची भूमिका होती. ती स्वीकारली गेली नाही. त्याच वेळी क्षमतेनुसार वेगवेगळी जबाबदारी हे तत्त्व, ज्यावर भारत सतत भर देतो, त्या मतात कायम आहे.

१९. कोल्हापूर भागातून युरोपात ओतकाम जाते. युरोपचा कार्बन सीमा आकार लागेल का?

हा आकार म्हणजे आयात माल बनवताना निघालेल्या कार्बनवर युरोपीय संघ घेतो ती रक्कम. तो लागेल की नाही हे मालाच्या सीमाशुल्काच्या सांकेतांकावर ठरते. १ जानेवारी २०२६ पासून लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांच्या आयातीवर तो लागू आहे. पाइप, पाइप फिटिंग, नट-बोल्ट यादीत आहेत. पंपाचा किंवा मोटारीचा सुटा भाग म्हणून जाणारे ओतकाम आजच्या यादीत नाही, पण यादी वाढवण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये मांडला आहे. वर्षाला एकूण ५० टनांपर्यंत असा माल घेणाऱ्या युरोपीय आयातदाराला सूट आहे. ही मोजणी आयातदाराची होते, आपल्या कारखान्याची नव्हे. पैसे आयातदार भरतो, पण कोकचे आणि इतर इंधनाचे आकडे तो आपल्याकडेच मागणार, आणि ते दिले नाहीत तर ठोक गृहीत मूल्ये लागू होतात. ती सहसा महाग पडतात. मूळ देशात प्रत्यक्ष भरलेली कार्बनची किंमत वजा मिळू शकते, म्हणून यादीतील उद्योगांनी प्रमाणपत्र खरेदीची कागदपत्रे जपून ठेवावीत.

२०. तक्रार कुठे करायची आणि किती दिवसांत?

आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार करून पोच घ्यावी. दाद लागली नाही तर हरित लवादाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्याच्या कक्षेत येतात. पर्यावरणविषयक वादाचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत, नुकसानभरपाईचा पाच वर्षांत आणि मंजुरीविरुद्धचे अपील ३० दिवसांत करायचे असते. प्रत्येक ठिकाणी सबळ कारण असेल तर ६० दिवसांपर्यंत जादा मुदत मिळते. भरपाई मागितली नसेल तर शुल्क १,००० रुपये आहे. अपिलाची मुदत हातून निसटल्याने चांगली प्रकरणे बुडालेली मी पाहिली आहेत. मंजुरी संकेतस्थळावर आली त्या दिवसाची प्रत तारखेसह काढून ठेवावी.

२१. तीव्रतेच्या नियमांचा भंग झाला तर हरित लवाद लक्ष घालू शकेल का? आणि ते नियमच अपुरे आहेत असे म्हणायचे असेल तर?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि अडचण दुसऱ्यात आहे. लवाद फक्त त्याच्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील कायद्यांखालचे वाद ऐकतो. ऊर्जा संवर्धन कायदा त्या अनुसूचीत नाही; त्याखालील आदेशांवरची अपिले वीज अपील न्यायाधिकरणाकडे जातात. पण तीव्रतेची लक्ष्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली काढलेली आहेत आणि तो कायदा अनुसूचीत आहे. त्यामुळे एखाद्या कारखान्याने लक्ष्य मोडले आणि मंडळ गप्प बसले, तर लवादाकडे जायला जागा आहे, असे माझे वाचन आहे. लवाद स्वतःहूनही दखल घेऊ शकतो. मुंबईच्या कचऱ्यावरून उद्भवलेल्या महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये हा अधिकार मान्य केला आहे.

नियमच सैल आहेत, वीज केंद्रे त्यांत हवी होती, मर्यादा एकूण उत्सर्जनावर हवी होती, असे म्हणायचे असेल तर मात्र लवादाचा दरवाजा बंद आहे. नियम रद्द करण्याचा अधिकार त्याला नाही, हे तुतिकोरिनच्या स्टरलाइट प्रकरणात फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पष्ट झाले. त्यासाठी अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात किंवा अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात जावे लागेल आणि तेथे प्रश्न ६ मधील हक्क प्रथमच प्रत्यक्ष आकड्यासमोर उभा राहील.